जवारीचा धागा आणि पियानोचा गंधार : मिरजेच्या चाचांबरोबर ऐकलेली मैफल

काळी_चार | रविवार, रात्री ९:१०

मुळात तिकीट चाचांसाठी नव्हतंच. मुंबईच्या लेकाने दोन काढली होती, एक माझं आणि एक ह्यांचं. एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात पाश्चात्य वाद्यवृंद आणि पियानोचा सोलो. ह्यांचा गुडघा आदल्या दिवशी सुजला (मला संशय आहे की तो गुडघा बीथोवनचं नाव ऐकून सुजला) आणि त्याच आठवड्यात चाचांना दादरला एका गायिकेकडे तंबोऱ्यांची जोडी पोचवायची होती. चाचा म्हणजे मिरजेचे. तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी करतात. माझ्या पेटीच्या क्लासमधला प्रत्येक तंबोरा त्यांच्याच हातचा.

रात्रीच्या महालक्ष्मीत सांगलीला चढले तर खालच्या बर्थवर जोडी गोधडीत गुंडाळून आडवी आणि चाचा पायथ्याशी बसलेले. "झोपा की," म्हटलं. म्हणाले, "तिकीट त्यांचं हाय, माझं न्हवं."

तर दुसऱ्या दिवशी जोडी घरी पोचली आणि संध्याकाळी आम्ही दोघं नरिमन पॉइंटला. कार्यक्रम असा होता : आधी मेंडेल्सोनचं 'हेब्रिडीज', मग बीथोवनचा चौथा पियानो कन्चेर्टो (एकटा पियानो आणि समोर सगळा वाद्यवृंद), मध्यंतर, आणि नंतर बीथोवनचीच सातवी सिंफनी (ही नुसत्या वाद्यवृंदाची).

चाचांनी पहिल्यांदा छताकडे पाहिलं, मग रंगमंचाच्या दोन्ही कोपऱ्यांकडे. "स्पीकर कुठं हायत?" म्हटलं, नाहीत. माइकही नाहीत. अकराशेच्या वर खुर्च्या आहेत तिथे, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज फक्त लाकडाचा, तारेचा आणि फुंकेचा. चाचा एकदम सावरून बसले. नंतर दोन तास ते टेकले नाहीत.

हेब्रिडीजबद्दल फार लिहीत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची बेटं आणि त्यांच्यातली एक गुहा १८२९ साली पाहून मेंडेल्सोनला ते सुचलं. लाटा येतात आणि जातात. छान वाटलं, पण खरी गंमत त्यानंतर झाली.

पियानो ढकलत मध्ये आणला. झाकण उघडून टेकू लावला. मग पहिल्या व्हायोलिनवाल्याने उभं राहून पियानोची एकच पट्टी दाबली, पांढरी सहा (सप्तकाच्या पांढऱ्या पट्ट्यांतली सहावी), आणि सगळ्यांनी आपापले सूर तिच्याशी मिळवले. आधीच्या तुकड्याला हाच सूर ओबो नावाच्या फुंकवाद्याने दिला होता. चाचा कुजबुजले, "म्हणजे मोठा साहेब हा. ह्याला कोण पिळत न्हाई, बाकीच्यांनी मिळवून घ्यायचं."

आणि सुरुवात! मला वाटलं होतं आधी सगळा वाद्यवृंद दणक्यात वाजेल आणि मग पियानो येईल. तसं काही नाही. पियानोवाल्या बाईंनी एकटीने, अगदी हळू, पाचच मात्राखंड वाजवले. कुणी स्वतःशी बोलावं तसे. पांढरी पाचचा षड्ज. त्या थांबल्या, आणि व्हायोलिनांनी तेवढंच हळू उत्तर दिलं. पण उत्तर पांढरी पाचमध्ये नव्हतं. पांढरी सातमध्ये होतं!

पेटीवाल्यांनी हे घरी करून पाहा. पांढरी पाच सा धरा, तिचा शुद्ध गंधार म्हणजे पांढरी सात. व्हायोलिनांनी त्या गंधारालाच सा केलं. मी पंचवीस वर्षं मुलांना "सा सोडू नका" असं ओरडतेय आणि इथे दुसऱ्याच वाक्यात सा सरकला. चाचांचा हात माझ्या मनगटावर आला. "बाई, घर बदललं." पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं.

दुसरा भाग जेमतेम पाच मिनिटांचा. फक्त तंतुवाद्यं आणि पियानो. तंतुवाद्यं सगळी एका सुरात, दमदाटी केल्यासारखी, तुटक. पियानो हळू, जोडून जोडून. पुन्हा दमदाटी, पुन्हा हळू. पियानो आवाज वाढवत नाही, पण समोरचा आवाज मात्र उतरत जातो. शेवटी सगळी खर्जात कुजबुजतात. जाणकार याला ऑर्फियसची गोष्ट म्हणतात, पाताळातल्या राक्षसांना गाण्याने शांत करणारा. चाचांना ऑर्फियस कुठून माहीत असणार? ते म्हणाले (हे मध्यंतरात), "गिऱ्हाईक दुकानात येऊन ओरडालंय. कारागीर मान वर न करता जवारी घासालाय. गिऱ्हाईक आपसूक गप." (जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा घासून केलेला माथा, त्याने तार झणझणते.)

पण मध्यंतराच्या आधी एक प्रकार घडला. तो भाग अगदी विझत विझत संपतो आणि न थांबता तिसरा सुरू होतो. त्या मधल्या श्वासात, जिथे हजार माणसं स्तब्ध होती, तिथे चाचांच्या तोंडून खणखणीत "क्या बात है!" निघून गेलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता मुख्य प्रश्न, ज्यासाठी धागा काढला. मध्यंतरात कॉफी घेताना चाचा म्हणाले, "वाजवणारी लाख मोलाची. पण त्या पेटीचा गंधार चढा हाय." मी म्हटलं, एवढं महागाचं वाद्य, आजच लावलं असणार. ते म्हणाले, "लावलंय चांगलं. एक तार डुलत न्हाई. पण गंधार चढा हाय." मग मध्यंतरानंतर पियानो बाजूला गेलेला, सिंफनी सुरू झाली. पहिल्या दोन मिनिटांत हळूच म्हणाले, "आता बघा. आला जागेवर."

हे खरं असू शकतं का? कुणी सांगेल? मला पेटीवाली म्हणून उगाच टोचलंय.

भडंग | रविवार, रात्री ९:३२

ताई, एक नंबर लिहिलाय. आमच्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेत रात्री दहाला सुरू हुणारा, निवेदक कोट घालून शायरी म्हणालाय आणि मागनं कोणतर "झिंगाट" वरडालाय. तिथं माइक नसता तर निवेदकाचं कसं झालं असतं ह्याचा इचार करालोय.

श्रुतिबद्ध | रविवार, रात्री १०:०५

चाचांचे कान शंभर टक्के खरे. पियानो हे जन्मजात बेसूर वाद्य आहे. सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून ठेवलेत, त्यात एक षड्ज सोडला तर एकही स्वर शुद्ध नाही. आणि असल्या वाद्यासमोर हजार माणसं दोन तास श्वास रोखून बसतात! आमच्याकडे एका तंबोऱ्यात जो गंधार आपोआप बोलतो तो यांच्या अख्ख्या ताफ्याला नशिबी नाही. तुमची पेटीही त्याच कुळातली, म्हणून टोचणारच. बाकी लेखन ओघवतं आहे.

चर्चगेट_लोकल | रविवार, रात्री १०:२०

श्रुतिबद्ध, सुरुवात झाली का? अजून दहा प्रतिसादही झाले नाहीत.

काळी_चारताई, "क्या बात है" साठी अजिबात लाजू नका. हे मध्ये टाळ्या न वाजवण्याचं सोवळं फार नंतरचं. तुम्ही ऐकलेल्या सातव्या सिंफनीचा पहिला प्रयोग ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात झाला, लढाईतल्या जखमी सैनिकांच्या मदतीसाठी. स्वतः बीथोवन संचालन करत होता, कान जवळजवळ गेलेले. त्यातला दुसरा भाग, तो "दाऽ द द दाऽ दाऽ" असा एकाच चालीत पुढे सरकणारा, लोकांना इतका आवडला की तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. सिंफनी संपायची वाटसुद्धा पाहिली नाही.

पायपेटी | रविवार, रात्री ११:१५

म्हणजे वन्समोअर! अहो हे तर आमचं.

मी वयाने या धाग्यावरचा सगळ्यात थोर असेन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्या गावात वाढलो. संगीत नाटकाच्या मागे बरीच वर्षं ऑर्गन वाजवला, त्याला आम्ही पायपेटी म्हणतो. खाली पायाने भाता मारायचा, वर दोन्ही हात मोकळे. नायक मरताना पद म्हणायचा, वन्समोअर आला की उठून पुन्हा म्हणायचा आणि पुन्हा मरायचा. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. काळी_चार, तुमच्या चाचांनी जे केलं ते व्हिएन्नात खपलं असतं आणि भावे नाट्यमंदिरातही खपलं असतं. मधल्या मधेच ते अडकले.

माइकचं म्हणाल तर माझे गुरुजी सांगत, जुन्या कंपन्यांत शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला नाही तर नटाला दुसऱ्या दिवशी परतीचं भाडं हातात. माइक आला आणि आवाज घशात राहिला. असो, हे विषयांतर.

माझी पायपेटी २०१९ च्या पुरात गेली. घर गावभागात, तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर झाकण उघडलं तर आत गाळ. सगळे सूर बंद. एकच पट्टी चिखलातून बोलली, काळी दोन. अजून ठेवली आहे ती पट्टी.

भडंग | रविवार, रात्री ११:२१

काका...

किल्लीवाला | सोमवार, सकाळी ७:४०

नमस्कार. मूळचा तासगावचा, पुण्यात पियानो ट्यूनिंग करतो. हा धागा रात्री वाचला आणि झोप लागेना, म्हणून सविस्तर.

चाचांनी दोन वाक्यं सांगितली. "एक तार डुलत नाही" आणि "गंधार चढा आहे". दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतात. माझा सगळा धंदा या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

पियानोत ८८ पट्ट्या, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास. खर्जाला एक एक, मग दोन दोन, आणि मध्यापासून वर प्रत्येक पट्टीला तीन तीन. या तिन्ही तारा अगदी एक लागल्या पाहिजेत. जरा फरक पडला की आवाज डुलतो. शाळेत भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणून शिकलो, कारागीर डोल म्हणतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना चाचा हाच डोल मारतात. तर तो डोल त्यांना दिसला नाही, म्हणजे माझ्या मुंबईच्या भावाने काम चोख केलं होतं.

आता गंधार. सप्तकाचे १२०० सेंट धरा, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांत १००. पियानोचा शुद्ध गंधार सा पासून ४०० वर. तंबोऱ्यात सा च्या तारेतून जो गंधार आपोआप निघतो, तारेचा पाचवा अंश, तो सुमारे ३८६ वर. फरक १४ सेंट. पियानोचा गंधार १४ सेंट चढा. हे चुकून नाही, आम्ही मुद्दाम, घाम गाळून चढा लावतो! पियानोच्या मधल्या भागात पांढरी चार आणि तिच्या वरची पांढरी सहा एकत्र दाबली की सेकंदाला सुमारे सात डोल यायला हवेत. मी ते मोजतो. सहा आले तर काम कच्चं.

का? तर तुमच्या त्या पाच मात्राखंडांसाठी. तंबोऱ्याच्या गंधाराला सा करा. त्याच्यावर पुन्हा तसाच गोड गंधार लावा. त्याला सा करून पुन्हा एकदा. तीन उड्या झाल्या की तारसप्तकाचा सा यायला पाहिजे. येत नाही. ४१ सेंट कमी पडतात. अर्ध्या पट्टीच्या जवळपास. म्हणजे घर बदलायचं तर गोड गंधार घेऊन बदलता येत नाही, कुठेतरी भिंत फुटते. पियानोने काय केलं, ती ४१ ची फट तीन गंधारांत सारखी वाटून टाकली. प्रत्येकाच्या वाट्याला चौदा चौदा. प्रत्येक घर थोडं गळतं, पण एकही पडत नाही.

बीथोवनने हा कन्चेर्टो १८०५-०६ मध्ये लिहिला. त्याच्या काळच्या वाद्यांची लावणी आजच्याइतकी काटेकोर समान नव्हती, वाद्यही हलकं, लाकडी सांगाड्याचं. पण कुठल्याही पट्टीत जाता येण्याचा रस्ता मोकळा झालेला होता, आणि हा माणूस दुसऱ्याच वाक्यात त्या रस्त्याने चालत गेला.

राहिला प्रश्न सिंफनीत गंधार "जागेवर" आल्याचा. व्हायोलिनला पडदे नाहीत, बोट जरा मागेपुढे सरकतं. फुंकवाद्यवाले ओठाने सूर जरा उतरवतात. चांगला वृंद लांब धरलेल्या सुरावलीत आपोआप गोड गंधाराकडे ओढला जातो. पियानो समोर असला की तो बधत नाही, म्हणून बाकीच्यांना त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. पियानो गेला, सगळे सैल झाले. चाचांनी हे मध्यंतरानंतर दोन मिनिटांत ओळखलं? मला एकदा त्यांच्या पायाशी बसायचंय.

आणि काळी_चारताई, वाईट वाटून घेऊ नका, पण पेटीचा गुन्हा पियानोपेक्षा मोठा. पियानोचा सूर वाजल्याक्षणी विझायला लागतो, त्यामुळे चढा गंधार कानाला फार टोचायच्या आत गेलेला असतो. पेटीचा भाता चालू आहे तोवर तो चढा गंधार तिथेच उभा.

काळी_चार | सोमवार, सकाळी ९:०२

किल्लीवाले, आता क्लासमध्ये कोणत्या तोंडाने जाऊ?

पण "घर बदललं" आणि तुमची "भिंत" हे इतकं चपखल जुळलंय की तुम्हाला माफ.

दुसऱ्या_वर्षाचा_राडा | सोमवार, दुपारी १:३०

विश्रामबागच्या हॉस्टेलवरून. आम्ही रूमवर प्रयोग केला. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावलं, पट्टी पांढरी पाच, आणि रूममेटच्या कीबोर्डवर पांढरी सात दाबून धरली. आधी काहीच कळलं नाही. मग एकदम कळलं. डोकं भणभणतं तसं सुरू झालं. आता ते ऐकू येणं बंदच होईना. मेसमधल्या मिक्सरचापण गंधार चढा वाटतोय.

धन्यवाद की शिव्या द्यायच्या ते ठरलं की कळवतो.

श्रुतिबद्ध | सोमवार, दुपारी ३:४५

किल्लीवाले यांनी माझंच म्हणणं आकड्यांत मांडलं आहे. चौदा सेंटची तडजोड ती तडजोडच. ती "मुद्दाम" केली म्हणून शुद्ध होत नाही.

आणि हा वाद सांगलीला नवा नाही, हे इथल्या सांगलीकरांना ठाऊक असायला हवं होतं. कृष्णाजी बल्लाळ देवल, सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं. तारेची लांबी मोजून, आकडे मांडून. त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांना मोजमापासाठी मिळाला. पुढे मिरजेला घर करून राहिले तेच हे खाँसाहेब. देवलांना अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएस अधिकारी येऊन मिळाले आणि त्यांनी श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली, जिच्यात गंधार चढा नसेल अशी. पेटीतल्या या दोषावर इलाज शोधणारा माणूस आपल्या गावचा.

चर्चगेट_लोकल | सोमवार, दुपारी ४:१०

आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या हार्मोनियमवर कडाक्याचा वाद झाला, ती काही सर्वमान्य झाली नाही, हे सांगायचं राहिलं वाटतं? गवई म्हणाले, आमचा स्वर तुमच्या बावीस खणांत बसत नाही. बारा खण कमी पडतात म्हणून बावीस केले, पण खण ते खणच.

श्रुतिबद्ध | सोमवार, दुपारी ४:३८

राहिलं नव्हतं. येणार होतं.

पायपेटी | सोमवार, सायंकाळी ६:००

भांडू नका. मला एवढं सांगा, आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं चालली, ती याच चौदा सेंटांपायी ना? आणि त्याच तीस वर्षांत प्रत्येक गावातल्या प्रत्येक भजनी मंडळात पेटी पोचली. गोविंदराव टेंबे पेटीवर असं वाजवत की गाणाऱ्याने थांबून ऐकावं. त्यांच्या हातात ती बेसूर होती असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. श्रुतिबद्ध, तुमचे आकडे बरोबर असतील. पण ज्याला गंधार ठाऊक आहे तो त्या पट्टीवर किती वेळ थांबायचं हेही जाणतो. पियानोवाल्या बाईंनीही तेच केलं असेल.

किल्लीवाला | सोमवार, सायंकाळी ६:२५

काका, अगदी हेच. त्या दुसऱ्या भागात बीथोवनने वर लिहून ठेवलंय, "उना कोर्दा", म्हणजे एक तार. डावा पायटा (पेडल) दाबला की पियानोचं अख्खं आतलं यंत्र जरासं बाजूला सरकतं आणि हातोड्या तीनऐवजी कमी तारांवर पडतात. त्याच्या काळच्या पियानोत खरोखर एकाच तारेवर आणता यायची, आजच्यात दोन. गिऱ्हाईक ओरडतंय आणि कारागीर मान वर करत नाही, तो आवाज या पायट्याचा.

भडंग | सोमवार, सायंकाळी ६:५०

मला एक कळंना झालंय. हे सगळं मुंबईलाच का? सांगलीत दोन नाट्यगृहं, मिरजेत बालगंधर्व. आणा की इकडं. वर्गणी काढू. पियानो टेंपोत घालून आणू. माझ्या मेव्हण्याचा टेंपो हाय.

किल्लीवाला | सोमवार, सायंकाळी ७:१५

मैफिलीचा मोठा ग्रँड पियानो पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या घरात. पाय काढून, कडेवर उभा करून, पट्ट्यांनी बांधून नेतात. आतल्या तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास, तो पेलायला ओतीव लोखंडाची चौकट. प्रवासानंतर एक-दोन दिवस हवेत रुळू द्यावा लागतो, मग ट्यूनिंग, आणि मैफिलीच्या दिवशी पुन्हा. मेव्हण्याला एवढंच विचारा की टेंपो आडवा झाला तर वीस टन कुणाच्या अंगावर.

भडंग | सोमवार, सायंकाळी ७:१८

मेव्हणा म्हणालाय, हळद नेतो तसं नेऊ, वरनं ताडपत्री.

चर्चगेट_लोकल | सोमवार, रात्री ८:०५

हसू नका, याच कन्चेर्टोचा पहिला जाहीर प्रयोग टेंपोच्याच लायकीचा होता. २२ डिसेंबर १८०८, व्हिएन्ना. भाड्याचं नाट्यगृह, ऐन थंडी, शेगडीचा पत्ता नाही. कार्यक्रम चार तास. पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी, हा कन्चेर्टो, शिवाय बरंच काही, सगळं एका रात्रीत. पियानोवर बीथोवन स्वतः. तालमी अपुऱ्या. शेवटच्या रचनेत वाद्यवृंद इतका घसरला की मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं. आपल्याकडे रात्रभर चालणाऱ्या नाटकात दुसऱ्या अंकाला लोक घोंगडी पांघरायचे ना, तशातला प्रकार.

अवांतर : काळी_चारताई, तुम्ही मागे बसलेल्या नगारेवाल्याकडे पाहिलंत का? या कन्चेर्टोच्या पहिल्या दोन भागांत नगारा आणि ट्रम्पेट नाहीतच. तिसरा सुरू होईपर्यंत ते पंचवीसेक मिनिटं हात बांधून बसलेले असतात.

काळी_चार | सोमवार, रात्री ८:३०

पाहिलं की! चाचांनीच दाखवला. "तो मागचा बिचारा पगार घेतो का दिवसाचा?" मग तिसऱ्या भागात त्याने हात चालवला तेव्हा चाचा त्याच्यासाठी खूश.

आणखी एक, कालपासून सांगायचं राहतंय. निघताना ते पुढच्या रांगेतले आजोबा, वळून पाहणारे, दारात थांबले होते. पारशी असावेत. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी चाचांना विचारलं, "यू प्ले?" चाचांना तेवढं इंग्रजी कळलं. म्हणाले, "नो. मेक." आजोबांनी चाचांचा हात हातात घेऊन उलटा केला, तर्जनीच्या बाजूचा घट्टा अंगठ्याने दाबून पाहिला आणि काही न बोलता गेले.

पायपेटी | सोमवार, रात्री ८:४१

हे आधी का नाही लिहिलंत!

भोपळा_आणि_खुंटी | मंगळवार, सकाळी ११:२०

नमस्कार. चाचांचा नातू. ताईंनी लिंक पाठवली, काल रात्री दुकान बंद केल्यावर दादांना (म्हणजे तुमच्या चाचांना) सगळा धागा वाचून दाखवला. मध्ये मध्ये थांबवत होते, त्यामुळे साडेबारा वाजले.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून दुकानात फोटो काढायला लोक येतात. भोपळा कुठून येतो, लाकूड कोणतं, किती दिवस लागतात, हे सगळे विचारतात. पंढरपूरकडून, तुणाचं, आणि हवेवर अवलंबून, हे मला पाठ झालंय. गंधाराबद्दल कुणी विचारल्याचं माझ्या आठवणीत नाही. त्यामुळे दादा काल जरा जास्तच बोलले. लक्षात राहिलं तेवढं देतो.

चौदा सेंट वगैरे त्यांना मी समजावलं. म्हणाले, आकडा बरोबर असेल, पण तंबोऱ्यात गंधार आपोआप बोलतो हे अर्धंच खरं आहे. तो बोलावा लागतो. घोडी घासली, तार चढवली, तरी जवारीचा धागा तारेखाली जागेवर येईपर्यंत गंधार झोपलेलाच. केसभर पुढे सरकवला की वरचे सूर करकरतात, केसभर मागे की तार मुकी. श्रुतिबद्ध सरांना सांग म्हणाले, आमच्या गंधारालाही घासून घासूनच बाहेर काढतो.

व्हायोलिनवाल्यांनी दुसऱ्या वाक्यात घर बदललं, ते त्यांना अजून पचलेलं नाही. तंबोरा घेऊन बसलेल्याला हे करायचंच झालं तर चारही तारा उतरवून पुन्हा लावाव्या लागतील, तोवर गाणारा चहा पिऊन येईल. पण वाईट वाटलं नाही म्हणाले. "नवं घर बघून परत आपल्या घरी आले की, मग काय?"

ते दुसऱ्या वर्षाचे दादा आहेत ना, त्यांना निरोप : ॲपवर ऐकू नको, दुकानात ये. ॲपच्या तंबोऱ्याची जवारी सगळीकडे सारखीच आहे, त्यात ऐकण्यासारखं काही नाही.

आणि किल्लीवाले काका, तुम्ही या असं त्यांनी खास सांगितलंय. पायाशी वगैरे बसू नका, आमच्याकडे स्टूल आहे. येताना तुमची किल्ली आणि तारांमध्ये घालता ती फेल्टची पट्टी घेऊन या, त्यांना बघायची आहे. फक्त आत्ता नको, हवेत ओल आहे, जवारी धरत नाही. दिवाळी झाल्यावर या.

किल्लीवाला | मंगळवार, सकाळी ११:४५

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी. महालक्ष्मी मला उलटी पडते, एसटीने येतो.

भडंग | मंगळवार, दुपारी १२:०३

सांगली स्टँडवरनं मिरजेला सोडायला मेव्हण्याचा टेंपो हाय.